धाप आणि धास्ती

ऑक्टोबरच्या १० तारखेला जागतिक मानसिक आरोग्य दिन. नोव्हेंबरचा तिसरा बुधवार सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आखडवणाऱ्या आजाराचा. आमच्या भागात यंदा मनाच्या दिवशी मनावर भाषणं झाली, छातीच्या दिवशी छातीवर. ज्याला धाप लागते त्याचा जीव आतून किती घाबरत असेल, हे दोन्हीकडे कोणी बोललं नाही. ते मला फार लागलं.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या मोझरीला आरोग्याचं वावडं कधीच नव्हतं. १९३५ साली त्यांचा गुरुकुंज आश्रम उभा राहिला, तिथे आयुर्वेदाचं रुग्णालय झालं, त्यांच्या ग्रामगीतेत गावाच्या आरोग्यावर स्वतंत्र अध्याय आला. नंतरच्या चाळीस वर्षांविषयी या बाबतीत सांगण्यासारखं थोडंच आहे. दमेकरी कोजागिरीच्या रात्री खिरीतलं औषध घ्यायला जायचे आणि बाकीचे दिवस सोसायचे. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ला त्याची जिल्हा शाखा निघाली. गावात त्याची कुणकुणही लागली नाही.

मला बोलायचंय ते २०१० नंतरच्या दशकाबद्दल. त्या वर्षी केंद्राने दीर्घ आजारांसाठी मोठा कार्यक्रम काढला. त्याच्या लांबलचक नावात कर्करोग होता, मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात होता, फुप्फुस नव्हतं. देशात १९९०मध्ये सीओपीडीचे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, २०१६पर्यंत ते साडेपाच कोटींवर गेले, तरी नाव बदलायला २०२३ उजाडलं.

मनाचं मात्र त्याच दशकात वऱ्हाडात बरंच काही झालं. शेतकरी आत्महत्यांमुळे सगळ्या देशाचे डोळे आमच्याकडे लागले होते. २०११च्या सुमारास 'विश्राम' नावाचा उपक्रम अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यांत उतरला. गावातलेच कार्यकर्ते घरोघरी जाऊन बोलायचे, समुपदेशक बसायचे, मानसोपचारतज्ज्ञ ठरल्या दिवशी यायचे. आधी नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चौघांना कुठलीतरी मदत मिळत होती. ते प्रमाण सत्तावीसवर गेलं. वऱ्हाडातल्या खेड्यात माणूस 'मन लागत नाही' असं परक्यासमोर म्हणू लागला, ही त्या दशकाची कमाई. निधीची मुदत संपली आणि उपक्रमही आवरला. त्याची हळहळ मला अजून आहे.

पण त्या काळाशी माझं एक भांडणही आहे. दुःखी माणूस म्हणजे कर्जबाजारी पुरुष, हे चित्र आम्ही पत्रकारांनी, पुढाऱ्यांनी आणि कचेऱ्यांनी मिळून पक्कं केलं. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर घरच्यांना द्यायच्या मदतीच्या फायलीवर 'पात्र' आणि 'अपात्र' असे शिक्के पडायचे. कर्ज दाखवता आलं तर पात्र, आजारपणाला कंटाळून गेला तर अपात्र. देशाच्या २०२२च्या नोंदींत आत्महत्यांमागे आजारपणाचा वाटा १८ टक्क्यांवर आहे. कौटुंबिक कलहाच्या खालोखाल तेच कारण. आणि चुलीपुढे बसून धापा टाकणारी बाई तर कुठल्याच फायलीत नव्हती.

माझी मोठी आई तशीच एक. तिने आयुष्यात विडी ओढली नाही. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, स्वयंपाक केला आणि हंगामात जिनिंगमध्ये कापूस वेचला, तेवढं पुरलं. डॉक्टरांनी श्वासातून औषध घ्यायचा पंप लिहून दिला, तर घरात एकच धोशा: "पंपाची सवय लागते." तो कपाटातच राहायचा. रात्री ती उशा रचून बसून असायची. म्हणायची, "बाबू, झोपाचा भेव वाटते. झोपली अन् दम आलाच नाही त?"

या भीतीचं गणित साधं आहे. आखडलेल्या नळ्यांतून आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. माणूस घाबरला की भराभर श्वास घेतो, मग हवा आणखी अडकते, छाती आणखी दाटते आणि भीती दुप्पट होते. सीओपीडीच्या साधारण चौघांमागे एकाला नैराश्य असतं, असं अनेक अभ्यास सांगतात. असा माणूस औषध टाळतो, हिंडणं सोडतो, वारंवार भरती होतो. एका दवाखान्यात मोठ्या आईला झोपेची गोळी सुरू केली. अशा रुग्णाचा श्वास त्या गोळीने मंदावू शकतो, हे कोणी सांगितलं नाही. ओठांचा चंबू करून श्वास हळू सोडायला, रोज थोडं चालायला शिकवलं असतं तर धाप आणि धास्ती दोन्हींना उतार पडला असता.

तिची संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना कधी चुकली नव्हती. पण मौनाच्या वेळी खोकल्याची उबळ यायची, माना वळायच्या. हळूहळू तिने जाणं सोडलं, मग लग्नकार्यंही. फेब्रुवारी २०२१मध्ये अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली, तेव्हा तर खोकणारं माणूस दिसलं की शेजारी दार लावून घ्यायचे. त्या उन्हाळ्यात ती गेली. कोरोनाने नाही. शेवटची दोन वर्षं ती फारशी बोलतही नव्हती, आणि आम्ही त्याला म्हातारपण म्हणत होतो.

आज मनाच्या मदतीसाठी १४४१६वर टेली-मानस ही फोनसेवा आहे, २०१६च्या उज्ज्वला योजनेची गॅसशेगडीही घरोघरी आहे. पण २०२२मध्ये सिलिंडर हजारापलीकडे गेला तेव्हा कितीतरी अंगणांत पऱ्हाटीचे भारे पुन्हा रचले गेले, ते अजून हललेले नाहीत. तिथे आता सुना खोकतात. पंप जिथे मिळतो त्याच टेबलावर दोन प्रश्न विचारले गेले पाहिजेत: गेल्या पंधरा दिवसांत कशात रस वाटेनासा झालाय का, मन उदास राहतं का? हे काम आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर म्हणून टाकू नका. 'विश्राम'मध्ये होते तसे समुपदेशक नेमा, त्यांना पगार द्या, आणि प्रकल्पाची मुदत संपली म्हणून तिसऱ्या वर्षी घरी पाठवू नका.