विश्लेषण : रायफलचा सायलेन्सर खोलून साफ करता यावा का? फायदे काय, धोके काय?

भुकूमपासून काही किलोमीटरवर पाषाणमध्ये 'डीआरडीओ'ची 'एआरडीई' ही प्रयोगशाळा आहे. 'अस्मि' मशीन पिस्तूल आणि 'उग्रम' रायफल यांच्या विकासात तिचा वाटा आहे. अमेरिकी मरीन कोअरने २०२०च्या अखेरीस पायदळातील जवानांना सरसकट सप्रेसर देण्यास सुरुवात केली. बोलीभाषेतला सायलेन्सर तो हाच. तो खोलून साफ करता येणारा असावा की कायमचा बंद, यावर मात्र मतभेद आहेत.

सायलेन्सर काम कसे करतो?
गोळीमागून येणाऱ्या तप्त वायूला नळीतल्या एकामागोमाग एक चकत्या अडवतात, त्याचा वेग आणि दाब कमी करतात. हिराम पर्सी मॅक्झिम यांना १९०९ मध्ये याचे पेटंट मिळाले. रायफलचा आवाज साधारण १६० डेसिबल असतो, तो २० ते ३५ डेसिबलने घटतो. भारतात फटाक्यांसाठी चार मीटरवर १४५ डेसिबलची कमाल मर्यादा आहे, यावरून अंदाज यावा. चित्रपटातला 'फुस्स' आवाज प्रत्यक्षात नसतो. ध्वनीपेक्षा वेगवान गोळीचा कडाका तर कायमच राहतो.

खोलता येणाऱ्याचे फायदे कोणते?
मुख्य फायदा .२२ बोअरच्या रायफलला. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकले, त्या प्रकारात हेच काडतूस वापरतात. त्याच्या गोळीवर तांब्याचे जाड आवरण नसते. त्यामुळे अशा बंदुकीला सायलेन्सर लावल्यास शिसे, मेण आणि अर्धवट जळालेली दारू आत साचते. वजन वाढते, आवाज कमी करण्याची क्षमता घटते आणि चकत्या एकमेकींना चिकटून बसतात. सुटे भाग वेगळे करता आले तर ते घासून काढता येतात आणि बिघाड कुठे आहे तेही डोळ्यांना दिसते.

मग तोटे काय?
चकती उलटी बसली किंवा आटे नीट आवळले गेले नाहीत, तर मार्ग सरळ राहत नाही आणि गोळी आतल्या धातूवर आदळते. सायलेन्सर फुटू शकतो, जवळच्या माणसाला इजा होऊ शकते. आटे आणि जोड वाढल्याने वजनही वाढते. सफाई करताना शिशाची धूळ श्वासात जाते. व्हिनेगर वापरल्यास विषारी लेड ॲसिटेट तयार होते.

सैन्याला कोणता सोयीचा?
जास्त दाबाच्या रायफलीत तांब्याचे आवरण असलेली गोळी असते. शिसे कमी साचते आणि तप्त वायूचा झोत बरीचशी काजळी उडवून लावतो. सलग गोळीबाराची उष्णता आणि दाब सोसायला वेल्डिंग केलेले बंद नळकांडे अधिक भरवशाचे ठरते. शिवाय जवानाच्या हातून चुकीची जोडणी होण्याची शक्यताच उरत नाही. किंमत अशी की, आतून खराब झाल्यास पूर्ण नगच बदलावा लागतो.

अमेरिकेत ग्राहकाला दुरुस्तीची मुभा आहे?
सफाईची आहे. पण तिथल्या कायद्याने सुटी चकतीही सायलेन्सरच मानली जाते. त्यामुळे जादा चकत्या घरात ठेवून हवी तेव्हा बदलता येत नाहीत. 'खोलता येतो म्हणजे घरी दुरुस्त होतो' हा समज तिथेही अर्धाच खरा.

भारतात कायदा काय सांगतो?
शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ नुसार आवाज किंवा ज्वाला कमी करणारे उपकरण हेच 'अग्निशस्त्र' ठरते, अग्निशस्त्राचे सुटे भागही त्यातच येतात. कलम ५ नुसार परवान्याशिवाय ते बनवणे, विकणे, त्यात बदल करणे किंवा दुरुस्त करणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. भुकूम-पिरंगुट पट्ट्यात लेथवर कामे करणाऱ्यांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा : 'साधा पार्ट आहे' असे सांगून कुणी असे काम आणले, तरी कायद्याच्या नजरेत तो साधा पार्ट नसतो.