पेशीतील पहारेकरी आणि एड्सचा विषाणू

१९९८ च्या सुमारास आम्ही कॉलेजात होतो. मुंबई-आग्रा रोडवर ट्रक चालविणारे आमच्या चाळीतील एक काका त्या वर्षी एड्सने वारले. लहानपणी त्यांच्या घरी आम्ही जेवलो, खेळलो. शेवटच्या सहा महिन्यांत मात्र त्या घराची पायरी चढलो नाही. पाण्याचा पेला वेगळा ठेवणे म्हणजे काय, हे ज्या वस्तीला कोणी समजावून सांगावे लागत नाही, त्याच वस्तीत त्या घरचा पेला वेगळा झाला. मयतीला गेलो, पण खांदा दिला नाही. काकूंनी परवानगी दिली म्हणूनच हे लिहीत आहोत.

मध्यंतरी संस्थेच्या अभ्यासिकेत बारावीच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "काका, असले विषाणू फार जुने आहेत म्हणतात. मग आपले शरीर इतकी वर्षे गप्प बसले होते का?" आम्ही बँकेतले कारकून, शिक्षण बी.ए. उत्तर शोधायला चार महिने लागले. जे समजले ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहोत.

पेशीच्या केंद्रकात डीएनए नावाची मूळ वही असते. तिच्यावरून आरएनए ही कामापुरती नक्कल निघते आणि त्या नकलेबरहुकूम प्रथिने बनतात. लेजरवरून पासबुक भरावे, तसेच हे. रेट्रोव्हायरस या जातीचे विषाणू नेमके उलटे वागतात. त्यांचा सारा मजकूर आरएनएवर असतो. पेशीत शिरल्यावर ते त्याची डीएनए प्रत काढतात आणि ती आपल्या मूळ वहीत चिकटवून देतात, म्हणजे पासबुकातली खोटी नोंद लेजरमध्ये चढवितात. एकदा ती चढली, की पेशी ती आपलीच समजून तिच्या नकला काढीत राहते. हे उलटे काम करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, हॉवर्ड टेमिन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० साली स्वतंत्रपणे शोधले. १९७५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एचआयव्ही हा याच जातीतला. त्याचा मजकूर अवघा सुमारे ९,७०० अक्षरांचा, तर माणसाचा सुमारे ३०० कोटी अक्षरांचा.

परंतु वहीत घुसखोरी करणारे सगळेच बाहेरून येत नाहीत. येवला-मालेगावकडे पिकणारा मका आपण पाहतो, तो बहुधा एकरंगी पिवळा. अमेरिकेत बार्बरा मॅक्लिंटॉक या बाईंनी ठिपकेदार, रंगीत दाण्यांच्या मक्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १९४० च्या दशकात दाखवून दिले, की वहीतील काही तुकडे आपली जागा सोडून दुसरीकडे उडी मारतात. फारसे कोणी मनावर घेतले नाही. नोबेल मिळाले ते १९८३ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी.

माणसाच्या वहीत अशा फिरत्या तुकड्यांचा व त्यांच्या अवशेषांचा वाटा जवळजवळ निम्मा भरतो. त्यातले सुमारे ८ टक्के तर निव्वळ प्राचीन रेट्रोव्हायरसचे अवशेष आहेत. आपल्या पूर्वज प्राण्यांच्या बीजपेशींत ते कधीकाळी शिरले आणि वारशाने आपल्यापर्यंत आले. प्रथिनांची कृती सांगणारा मजकूर दोन टक्क्यांहूनही कमी आहे. रक्ताच्या शुद्धतेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत. बहुतेक अवशेष आता मृत आहेत, सगळे नव्हेत. एल-वन नावाच्या तुकड्याच्या सुमारे ५ लाख नकला आपल्या वहीत असून त्यांपैकी शंभराच्या आसपास अजूनही नवी नक्कल काढून दुसरीकडे चिकटवू शकतात. १९८८ साली हेग कझाझियन व सहकाऱ्यांना हिमोफिलियाच्या दोन रुग्णांत हा तुकडा रक्त गोठविणाऱ्या घटकाच्या जनुकात येऊन पडलेला आढळला.

इतके चोर घरात असताना पहारा नसेल कसा? तो आहे. त्याचा पत्ता मात्र एचआयव्हीमुळेच लागला. या विषाणूजवळ व्हिफ नावाचे एक लहान प्रथिन असते. प्रयोगशाळेत ते काढून टाकले, तर विषाणू काही पेशींत वाढे आणि काहींत अजिबात वाढत नसे. कारण वर्षानुवर्षे उमगत नव्हते. २००२ साली मायकेल मालिम यांच्या प्रयोगशाळेत ॲन शीही व सहकाऱ्यांना ते सापडले. ज्या पेशींत विषाणू वाढत नव्हता, त्यांत एपोबेक-थ्री-जी नावाचे विकर होते.

त्याची कामाची पद्धत आम्हा बँकवाल्यांना चटकन कळण्यासारखी आहे. चेकवर खाडाखोड झाली, की तो वटत नाही. हे विकर विषाणूच्या चेकवर खाडाखोड करते. नवा विषाणू तयार होत असतानाच ते त्याच्या पोटात शिरून बसते. तो पुढच्या पेशीत जाऊन डीएनए प्रत काढू लागला, की त्या प्रतीतील 'सी' या अक्षराचे 'यू' करीत सुटते. दुसरी बाजू लिहिली जाताना 'जी'च्या जागी 'ए' उमटतो. मजकूर इतका बिघडतो, की त्यातून धड विषाणू तयार होत नाही.

या घराण्यातली विकरे उंदरात एकाच जनुकापासून बनतात, माणसात सात जनुकांपासून. त्यांतली काही एल-वनसारख्या घरच्या चोरांनाही आवरतात. सॅमएचडी-वन नावाचे आणखी एक विकर आहे. २०११ साली त्याचे काम कळले. ते डीएनए लिहायची शाईच पेशीतून आटवते.

मग एचआयव्ही जिंकतो कसा? व्हिफमुळे. व्हिफ या पहारेकऱ्याला धरते आणि त्याच्यावर पेशीच्याच कचरायंत्रणेची खूण उमटविते. पेशी आपल्याच हाताने त्याचा चुरा करते. घरच्याच शिक्क्याने निघालेला हा बडतर्फीचा हुकूम. आफ्रिकेतील हिरव्या माकडांच्या या विकरात १२८ व्या जागी एकच घटक वेगळा आहे आणि तेवढ्या फरकाने आपल्या एचआयव्हीचे व्हिफ त्याच्यापुढे हतबल होते. तेव्हा त्या विद्यार्थिनीला आमचे उत्तर असे, की शरीर गप्प बसले नव्हते. ते कोट्यवधी वर्षे लढत आले आहे आणि काकांच्या पेशीही लढल्या.

पहारेकरी संत आहे असे मात्र नव्हे. याच घराण्यातली काही विकरे कधी कधी आपल्याच डीएनएवर खाडाखोड करतात. गर्भाशयमुख, मूत्राशय व स्तन यांच्या कर्करोगांत त्यांच्या हाताच्या खुणा २०१३ च्या संशोधनात स्पष्ट दिसल्या.

व्हिफला रोखणारे औषध अजून रुग्णांच्या हाती आलेले नाही. ज्या गोळ्या मिळतात, त्या विषाणूच्या स्वतःच्या विकरांना अडवितात. टेनोफोविर व लॅमिवुडिन उलटी प्रत काढणे थांबवितात, डोल्युटेग्राविर ती वहीत चिकटविणे. पुण्याला भोसरी येथे १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तिचा सहभाग होता. उपचार लवकर सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे त्यातून २०११ साली दिसले. एका ताटात जेवल्याने किंवा एका पेल्यातून पाणी प्याल्याने लागण होत नाही, हे तर १९९८ सालीही ठाऊक होते. आम्ही वाचलेही होते.

सरकारी रुग्णालयांतून या गोळ्या मोफत देण्यास एप्रिल २००४ मध्ये सुरुवात झाली. काकांना सहा वर्षे कमी पडली. काकूंना २००६ साली गोळ्या सुरू झाल्या. हा लेख छापायला देण्यापूर्वी त्यांच्या घरी बसून वाचून दाखविला. व्हिफचे प्रकरण त्यांनी दोनदा वाचायला लावले, मग चहा ठेवला.