घर हरवलेली गोगलगाय

पावसाळा लागला की आमच्या सातपूरमध्ये कंपाउंडच्या ओल्या भिंतींवर गोगलगायी दिसू लागतात. शाळेतली मुले आम्हाला विचारतात, "ही चावते का?" नाही, ही बिचारी पाला खाते. पण न्यूझीलंडच्या जंगलात चक्क मांसाहारी गोगलगायी आहेत.

त्यांचे शास्त्रीय नाव पॉवेलिफँटा. सर्वांत मोठ्या जातीचा शंख सुमारे 9 सेंटिमीटर रुंद, म्हणजे तळहात भरेल एवढा. दिवसा त्या ओल्या पाचोळ्याखाली दडून राहतात. रात्री बाहेर पडतात आणि शिरखुर्म्यातली शेवई ओढून घ्यावी तसे अख्खे गांडूळ तोंडात ओढतात. त्या 20 वर्षांपर्यंत जगू शकतात, पण वाढ फार सावकाश होते आणि अंडीही वर्षाला मोजकीच. त्यामुळे उंदीर, रानडुक्कर, पॉसम अशा बाहेरून आणलेल्या प्राण्यांनी त्या खाल्ल्या की भर निघत नाही. 1982 पासून तिथे त्यांना कायद्याचे संरक्षण आहे.

यांपैकी एक जात, पॉवेलिफँटा ऑगस्टा, जगात फक्त माउंट ऑगस्टस या एका डोंगरमाथ्यावर राहत होती. त्याच माथ्याखाली दगडी कोळसा होता. सरकारी मालकीच्या सॉलिड एनर्जी कंपनीला तो हवा होता. पर्यावरणप्रेमींनी आंदोलन केले, प्रकरण न्यायालयात गेले. तरीही खाण झाली. 2006 पासून हजारो गोगलगायी वेचून काही दुसऱ्या जागी सोडल्या, तर काही होकिटिका गावी थंड खोक्यांत ठेवल्या. 2011 मध्ये तिथली तापमान यंत्रणा बिघडली आणि सुमारे 800 गोगलगायी गोठून मेल्या. उरलेल्यांची देखभाल अजून सुरू आहे. ही गोगलगाय मानेजवळच्या छिद्रातून अंडे घालते. ते दृश्य 2025 मध्ये पहिल्यांदाच कॅमेऱ्यात टिपले गेले.

आता आपल्याकडचे उदाहरण पाहा. मोठी आफ्रिकन गोगलगाय भारतात स्वतःहून आली नाही. 1847 मध्ये बेन्सन नावाच्या इंग्रज गृहस्थाने ती मॉरिशसहून आणून कोलकात्यातील एका बागेत सोडली. पुढे ती देशभर पसरली. 2022 मध्ये लातूर, बीडकडे गोगलगायींनी कोवळे सोयाबीन फस्त केले आणि शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली.

एकीला माणसाने परक्या मुलखात नेऊन सोडले, तर ती पिकांवर उठली. दुसरीचे घरच माणसाने खणून काढले, तर तिला खोक्यात जगवावे लागते. जीव उचलून नेता येतो. पण त्याचा डोंगर, ओल आणि पाचोळा सोबत नेता येत नाही. मुलांना निसर्ग शिकवताना प्राण्याच्या नावासोबत त्याचे घरही शिकवायला हवे, असे आम्हाला वाटते.