चाळिशीपारचा पारा आणि पेट्रोलियमचे नियम

जालना जिल्ह्यात खनिज तेलाची विहीर नाही आणि शुद्धीकरण कारखानाही नाही. तरीही ट्रॅक्टरपासून समृद्धी महामार्गावरील मालमोटारींपर्यंत आणि बांधकामावरील जनित्रांपासून औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांपर्यंत सर्वांना लागणारे इंधन या जिल्ह्यात रोज येते, उतरवले जाते आणि साठवले जाते. त्याचा प्रवास मुख्यतः नाशिक जिल्ह्यातील मनमाडजवळच्या पानेवाडी परिसरातून सुरू होतो, कारण तेल कंपन्यांची मोठी साठवण केंद्रे तेथे आहेत आणि मुंबईच्या शुद्धीकरण कारखान्यांतून निघणारी पाइपलाइन १९९८ पासून मनमाडला पोहोचली आहे. तेथून पुढचे सुमारे पावणेदोनशे किलोमीटर अंतर टँकर कापतात. या प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यावर लागू असलेला मूळ कायदा म्हणजे पेट्रोलियम अधिनियम, १९३४ आणि आज प्रचलित असलेले त्याखालील नियम म्हणजे पेट्रोलियम नियम, २००२.

१९३४ च्या कायद्याने १८९९ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. त्या जुन्या काळात चिंतेचा विषय मोटारीचे पेट्रोल नव्हता, तर घरोघरी कंदिलात आणि चिमणीत जळणारे रॉकेल होता. रॉकेलात हलके तेल मिसळले गेले की दिव्याचा भडका उडे, म्हणून तेल किती तापमानाला पेट घेण्याजोगे होते हे मोजण्याची गरज राज्यकर्त्यांना भासली. ब्रिटिश रसायनतज्ज्ञ फ्रेडरिक अॅबेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यासाठी तयार केलेल्या उपकरणाचे नाव तेलाच्या चाचण्यांत अजूनही घेतले जाते. बंद पेल्यात तेल हळूहळू तापवत नेऊन, त्याच्या पृष्ठभागावर जमलेली वाफ लहानशा ज्योतीने क्षणभर पेट घेते ते सर्वांत कमी तापमान टिपायचे, अशी ही पद्धत असून या तापमानाला प्रज्वलनांक किंवा फ्लॅश पॉइंट म्हणतात.

यामागील भौतिक वस्तुस्थिती सामान्य समजुतीच्या उलट आहे. द्रवरूप पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि तीसुद्धा हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच. त्याहून कमी वाफ असेल तर इंधन अपुरे पडते आणि त्याहून जास्त असेल तर प्राणवायू अपुरा पडतो. पेट्रोलचा प्रज्वलनांक उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असल्यामुळे भारतात कोणत्याही ऋतूत, कोणत्याही उघड्या भांड्यातून त्याची पेटण्याजोगी वाफ निघतच असते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने ती वर उडून विरत नाही, तर जमिनीलगत सरकत जाऊन गटारात, खड्ड्यात किंवा तळघरात साचते. गळती एका ठिकाणी आणि आग बऱ्याच अंतरावर, असे प्रकार यामुळेच घडतात.

कायद्याने पेट्रोलियमचे तीन वर्ग केले आहेत ते याच तापमानाच्या आधारे. २३ अंशांपेक्षा कमी प्रज्वलनांक असलेले तेल ‘अ’ वर्गात, २३ ते ६५ अंशांखालील ‘ब’ वर्गात आणि ६५ ते ९३ अंशांखालील ‘क’ वर्गात येते. पेट्रोल अर्थातच ‘अ’ वर्गातले. डिझेल आणि रॉकेल यांचा प्रज्वलनांक भारतीय मानकांनुसार किमान ३५ अंश असावा लागत असल्याने ती ‘ब’ वर्गात बसतात. भट्ट्यांत जाळले जाणारे फर्नेस ऑइल किमान ६६ अंशांचे असल्याने ‘क’ वर्गात जाते. परवान्याची मर्यादाही या वर्गाप्रमाणे बदलते. ‘ब’ वर्गाचे तेल एका ठिकाणी २,५०० लिटरपर्यंत, आणि कोणतेही एक भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे नसेल तर, परवान्याविना ठेवता येते. ‘क’ वर्गासाठी, नियमांतील अटी पाळल्यास, ही मर्यादा ४५,००० लिटर आहे. ‘अ’ वर्गाच्या बाबतीत मात्र कायदा एकदम कठोर होतो: विक्रीसाठी नसलेले पेट्रोलच तेवढे आणि तेही ३० लिटरपर्यंतच विनापरवाना बाळगता येते, तेही घट्ट बुचाच्या भांड्यात, काचेचे वा चिनी मातीचे भांडे असेल तर एक लिटरपर्यंतच्या आणि धातूचे असेल तर २५ लिटरपर्यंतच्या. या यादीत प्लास्टिकचा उल्लेख नाही. जालन्यातच काय, महाराष्ट्रातल्या कोणत्याही ग्रामीण रस्त्यावर पानटपरीसमोर पाण्याच्या जुन्या बाटल्यांत पेट्रोल मांडलेले दिसते. ते विक्रीसाठी असल्यामुळे एका लिटरलाही सूट नाही, आणि बाटली प्लास्टिकची असल्यामुळे भांड्याची अटही मोडलेली असते.

या वर्गवारीत ऋतूला स्थान नाही, आणि जालन्यासारख्या जिल्ह्यात हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. मराठवाड्यात मे महिन्यात सावलीतला पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात ठेवलेल्या लोखंडी पिंपाचा पत्रा त्याहून कितीतरी अधिक तापतो. बाजारात येणाऱ्या डिझेलचा प्रज्वलनांक सहसा किमान मर्यादेच्या बराच वर असतो हे खरे. तरीही ३५ अंश ही सीमा जिथे उन्हाळ्यात रोज दुपारी पार होते तिथे, डिझेल म्हणजे निर्धोक तेल, ही शेतकऱ्यांत आणि यंत्रचालकांत रूढ झालेली समजूत हिवाळ्यात जितकी खरी ठरते तितकी उन्हाळ्यात ठरत नाही. डिझेलात पेट्रोलचा थोडा अंश मिसळला तरी त्याचा प्रज्वलनांक झपाट्याने खाली येतो. पेट्रोल रिकामे केलेल्या पिंपात किंवा टँकरच्या कप्प्यात लगेच डिझेल भरले तर तळाशी उरलेले पेट्रोल आणि आतली वाफ यांची डिझेलच्या प्रवाहातून निर्माण होणाऱ्या स्थिर विजेशी गाठ पडण्याची शक्यता असते, आणि हा धोका तेल उद्योगात फार पूर्वीपासून ओळखला गेला आहे. तेल पाइपमधून वाहताना घर्षणाने विद्युतभार साचतो. तो जमिनीत उतरवण्यासाठीच टँकर पंपावर आल्यावर प्रथम त्याला भूसंपर्काची तार जोडावी लागते आणि मगच नळी लावावी लागते.

उष्णतेचा दुसरा परिणाम आकारमानावर होतो. पेट्रोल दर अंशाला सुमारे ०.१२ टक्के प्रसरण पावते. म्हणजे १२,००० लिटरचा टँकर पहाटे पानेवाडीहून निघून दुपारपर्यंत दहा अंशांनी तापला तर आतले तेल सुमारे १४० लिटरने फुगते. टाकी काठोकाठ न भरता वर हवेसाठी जागा ठेवण्याचा नियम यासाठीच आहे. ग्राहकाला तो मापात काटछाट वाटण्याचा संभव असतो, पण काठोकाठ भरलेली टाकी उन्हात तेल बाहेर सांडल्याशिवाय राहत नाही.

टँकरसाठी असलेले बाकीचे नियम दोन प्रकारचे आहेत. पेट्रोलियम नियमांनी टाकीची बांधणी, आतले कप्पे, चालकाची केबिन व टाकी यांमधला आगरोधक पडदा, बॅटरीचा प्रवाह तोडणारी कळ आणि धुराड्यावरचा ठिणगीरोधक ठरवून दिला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी चालकाला धोकादायक मालाच्या वाहतुकीचे तीन दिवसांचे प्रशिक्षण आणि वाहनावर आपत्कालीन माहितीचा फलक सक्तीचा केला आहे. त्या फलकावरील चार आकडी क्रमांक सामान्य माणसालाही उपयोगी पडतो: १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल. अपघात झाल्यास सुरक्षित अंतरावरून हा क्रमांक वाचून अग्निशमन दलाला कळवला, तर फेस न्यायचा की पाणी, हे दलाला निघण्यापूर्वीच ठरवता येते. द्रवरूप पेट्रोलियम वायू, म्हणजे एलपीजी, मात्र पेट्रोलियम अधिनियमाऐवजी विस्फोटक अधिनियम, १८८४ खालील नियमांच्या कक्षेत येतो. त्याची धोकादायकता मराठवाड्याने १ फेब्रुवारी २०२४ रोजी जवळून पाहिली: छत्रपती संभाजीनगरात जालना रस्त्यावरील सिडको उड्डाणपुलाच्या परिसरात टँकर दुभाजकाला धडकून वायुगळती सुरू झाली, तेव्हा वाहतूक थांबवून, भागाचा वीजपुरवठा तोडून आणि तासन्‌तास पाण्याचा मारा करून आग टाळण्यात आली. वीज तोडण्यामागचे कारण एवढेच की एखाद्या घरातील दिव्याच्या बटणाची ठिणगीही पुरेशी ठरली असती.

परवान्याचे अधिकार दोन ठिकाणी विभागलेले आहेत. नवा पेट्रोल पंप उभारायचा तर जागेबाबतचे ना हरकत प्रमाणपत्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून घ्यावे लागते, कारण रस्ता, वस्ती, शाळा आणि नाले यांची माहिती स्थानिक प्रशासनालाच असते. भूमिगत टाक्या, हवा सोडणारे नळ आणि सुरक्षित अंतरे दाखवणाऱ्या नकाशांची छाननी करून परवाना मात्र पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना देते. १८९८ मध्ये विस्फोटक विभाग म्हणून स्थापन झालेल्या आणि आज ‘पेसो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातही फारशी परिचित नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी नव्या पंपांसाठी शाळा, रुग्णालये आणि निवासी क्षेत्र यांपासून ५० मीटरचे अंतर सुचवले आहे.

जालन्याच्या दृष्टीने नियमांतील सर्वांत महत्त्वाची तरतूद कदाचित पंपाविषयीची नसून रिकाम्या भांड्याविषयीची असावी. शहराच्या औद्योगिक वसाहतीतील इंडक्शन भट्ट्या भंगार वितळवून पोलाद करतात आणि त्यापासून सळ्या बनवतात. त्यामुळे तेलाची जुनी पिंपे आणि टाक्या जिथे शेवटी पोहोचतात अशा ठिकाणांपैकी हे शहर एक आहे. पूर्ण भरलेल्या पिंपात वाफेला जागाच नसते, तर रिकाम्या पिंपात थेंबभर तेलाची वाफ आणि भरपूर हवा नेमकी स्फोटक प्रमाणात मिसळू शकते. म्हणूनच पेट्रोलियमची भांडी रिकामी झाल्यावरही स्वच्छ होईपर्यंत घट्ट बंद ठेवावीत, आणि ती आतून वाफमुक्त झाल्याचे जाणकार व्यक्तीने लेखी प्रमाणित केल्याशिवाय त्यांवर वेल्डिंग वा अन्य उष्ण काम करू नये, असे नियम सांगतात. गॅस कटर चालवणाऱ्या मजुरापर्यंत ही तरतूद पोहोचवायची झाली तर कारखाना निरीक्षणाबरोबरच भंगाराच्या आवारांवरही देखरेख लागेल. परवान्याच्या फायलींमध्ये ती आवारे येत नाहीत, कारण त्यांच्याकडे कागदोपत्री तेलच नसते.

अंमलबजावणीचे प्रश्न कसे गंभीर वळण घेऊ शकतात, हे पानेवाडीनेच दाखवून दिले. २५ जानेवारी २०११ रोजी तेथील इंधन भेसळीचा प्रकार पाहण्यास गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळले. अनुदानित रॉकेल आणि डिझेल यांच्या किमतींतील तफावतीमुळे भेसळीचा धंदा त्या काळी किफायतशीर झाला होता. भेसळीवर जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खाली सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो; याउलट पेट्रोलियम अधिनियमाच्या कलम २३ ने असुरक्षित साठवणुकीच्या पहिल्या गुन्ह्यासाठी अनेक दशके एक महिन्यापर्यंतची साधी कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंतचा दंड, किंवा दोन्ही, एवढीच शिक्षा ठेवली. साहजिकच तपास यंत्रणेचा ओढा पहिल्या कायद्याकडे असतो, आणि वस्तीत दाटीवाटीने ठेवलेला, भेसळ नसलेला पण तितकाच घातक साठा दुय्यम ठरतो.