श्रमजन्य डोकेदुखी : दुर्लक्ष नको, भीतीही नको

पोलीस भरतीत पुरुष उमेदवारांस १६०० मीटर व महिला उमेदवारांस ८०० मीटर अंतर धावावे लागते. गोंदिया जिल्ह्यातील अनेक तरुण त्यासाठी पहाटे सराव करतात. धाव संपताच दोन्ही कानशिलांत ठणका सुरू झाल्याची तक्रार त्यांच्यापैकी काहीजण करतात. "ऊन लागले" एवढे म्हणून बहुधा ती सोडून दिली जाते.

वैद्यकशास्त्रात हिला श्रमजन्य डोकेदुखी म्हणतात. जोरकस श्रम करताना किंवा केल्यानंतरच ती उद्भवते आणि फार तर दोन दिवस टिकते. श्रमाने डोक्यातील रक्तवाहिन्या प्रसरण पावून हा ठणका निर्माण होत असावा, असे तज्ज्ञ मानतात. उष्ण हवेत व उंच प्रदेशात ती अधिक आढळते. उंचीचा प्रश्न आपल्याकडे नाही. उष्णतेचा मात्र आहे. मे महिन्यात तेंदूपाने तोडणाऱ्या मजुरांसही पहाटे काम उरकणे, वरचेवर पाणी पिणे व सावलीत विसावणे आवश्यक ठरते.

सरावाच्या आरंभी दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालावे, मग वेग वाढवावा. गोळाफेक करताना अथवा वजन उचलताना श्वास रोखू नये. त्रास वारंवार होत असल्यास डॉक्टर सरावापूर्वी घेण्याचे औषध देतात. ते दुकानातून परस्पर आणणे पोटास अपायकारक ठरू शकते.

तथापि डोकेदुखी पहिल्यांदाच झाली असेल, तर ती साधी आहे हे डॉक्टरांनीच ठरवावयास हवे. क्षणार्धात असह्य वेदना, उलटी, मान ताठरणे, एकाची दोन दिसणे किंवा शुद्ध हरपणे ही मेंदूतील रक्तस्रावाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. चाळिशीनंतर चालताना उठणारी व थांबताच शमणारी डोकेदुखी क्वचित हृदयविकाराचीही सूचना असते. सोबत ताप असेल तर हिवतापासाठी रक्त तपासून घ्यावे.

पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्या शरीरातील पाणी कमी होणे विशेष घातक असते, आणि तीव्र डोकेदुखीबरोबर हातापायातील शक्ती गेल्यास तो पक्षाघात असू शकतो. म्हणून कोणत्या विद्यार्थ्यास हा आजार आहे याची माहिती पालकांच्या संमतीने क्रीडाशिक्षकांजवळ असावी, आणि डोके दुखते म्हणणाऱ्या मुलास "आणखी एक फेरी" मारावयास लावू नये.