सिंगापूरचा मोकळा तळमजला

बर्लिनचे यहुदी वास्तुशिल्पकार ओटो कोनिग्सबर्गर यांना हिटलरमुळे देश सोडावा लागला. १९३९ साली आपल्या भारताने त्यांना आसरा दिला. पुढे भुवनेश्वरचा आराखडा त्यांनीच केला. १९६३ मध्ये यूनोने त्यांना दोन सहकाऱ्यांसह सिंगापूरला सल्ला द्यायला पाठवलं.

सिंगापूरने सल्ला बाहेरून घेतला, पण घरं बांधली आपल्या लोकांची रीत पाहून. तिथे सरकारी उंच इमारतींचा तळमजला बहुतेक ठिकाणी मोकळा असतो. म्हातारी माणसं तिथे गप्पा मारत बसतात, लग्नं होतात, मयतालाही शेजारी तिथेच जमतात.

आपल्या इस्राएलातही खांबांवरच्या इमारती पुष्कळ, पण खाली बहुधा मोटारी! मुलांनो, आजी-आजोबांसाठी तिथे दोन बाकं ठेवता येतील का, इमारतीच्या कमिटीला विचारा ना.