कोण कोणाकडे गेला, काय सोडून गेला

८ जुलै २०१० च्या रात्री बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सने आपला पुढचा संघ टीव्हीवर जाहीर केला. कार्यक्रमाचं नावच 'द डिसिजन' होतं. जागा होती कनेटिकटमधल्या ग्रीनिच गावातला मुलांचा एक क्लब, आणि जाहिरातींतून आलेला पैसा तशाच क्लबांना गेला. तो भाग आता फारसा कोणाला आठवत नाही. लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की पंचवीस वर्षांच्या मुलाने आपल्या ओहायोतल्या माणसांना सगळ्या देशासमोर सोडलं. क्लीव्हलँडमध्ये त्याच रात्री त्याच्या जर्सी जाळल्या गेल्या. क्लीव्हलँड संघाचे मालक डॅन गिल्बर्ट यांनी चाहत्यांना उघडं पत्र लिहिलं आणि त्याचं जाणं म्हणजे भ्याड विश्वासघात असल्याचं त्यात म्हटलं. तो मायामीला चालला होता. तिथे ड्वेन वेड आधीपासून होता, टोरोंटोहून ख्रिस बॉश येत होता. तिघेही २००३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या पाचांत निवडले गेलेले. काही दिवसांनी मायकल जॉर्डनने सांगितलं, की लॅरी बर्ड आणि मॅजिक जॉन्सनला फोन करून एका संघात खेळायचं आपल्या मनातही आलं नसतं, आपल्याला त्यांना हरवायचं होतं.

जॉर्डनचं ते बोलणं पुढची पंधरा वर्षं या वादात प्रमाण मानलं गेलं. मोठ्या खेळाडूने मोठ्या खेळाडूशी लढावं, त्याच्याच शेजारी जाऊन उभं राहिलं की मिळालेल्या जेतेपदाचं वजन उतरतं, असा तो विचार. मला तो कधीच पुरेसा वाटला नाही. बास्केटबॉल पाच जणांचा खेळ आहे आणि एकट्याने कोणी तिथे जिंकलेलं नाही. मोठी माणसं एकत्र आली तर प्रत्येकाने त्यासाठी काय मागे ठेवलं, हे बघावं लागतं. आपण मात्र त्यांना एकत्र आणलं कोणी, एवढ्यावरच रागवायचं की कौतुक करायचं ते ठरवतो.

जॉर्डनचंच बघा. स्कॉटी पिपेन १९८७ च्या ड्राफ्टच्या दिवशी अदलाबदलीत शिकागोला आला, डेनिस रॉडमन १९९५ मध्ये. दोन्ही व्यवहार संघाचे व्यवस्थापक जेरी क्राउस यांनी केले. जॉर्डनला कोणाला फोन करावा लागला नाही, कारण ते काम करणारा माणूस संघाकडे होता. बिल रसेलने १३ हंगामांत ११ जेतेपदं जिंकली, तीही बॉब कूझी, सॅम जोन्स, जॉन हॅवलिचेक अशांच्या सोबतीने. त्या संघाचा शिल्पकार म्हणून आपण रेड आउअरबाख यांचं नाव घेतो. २००७ च्या उन्हाळ्यात बॉस्टनच्या डॅनी एंज यांनी आधी रे ॲलन आणि मग केव्हिन गार्नेट आणून पॉल पिअर्सच्या जोडीला उभे केले. आदल्या हंगामात २४ सामने जिंकलेल्या संघाने पुढच्या हंगामात ६६ जिंकले आणि २००८ चं जेतेपदही मिळवलं. एंज यांना वर्षातल्या सर्वोत्तम व्यवस्थापकाचा मान मिळाला. त्या तिघांनी सोपी वाट धरली असं तेव्हा फारसं कोणी म्हटलं नाही. लेब्रॉनच्या क्लीव्हलँडला २०१० मध्ये प्लेऑफमधून बाहेर काढलं ते याच बॉस्टनने, आणि दोन महिन्यांत तो मायामीला निघाला.

खेळाडूला स्वतःहून जाता यावं यासाठी आधी मोठा झगडा झाला होता. ऑस्कर रॉबर्टसन खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष असताना १९७० मध्ये लीगवर खटला भरला गेला. १९७६ मध्ये तडजोड झाली, तेव्हा खेळाडूला जखडून ठेवणारी कलमं सैल झाली. करार संपल्यावर पूर्ण मोकळं होण्याची सोय तर १९८८ मध्ये आली. रॉबर्टसनला स्वतःचं एकमेव जेतेपद १९७१ मध्ये मिलवॉकीत मिळालं, तरुण करीम अब्दुल-जब्बारच्या शेजारी उभं राहून. त्याची थोरवी त्यामुळे तसूभरही कमी झाली असं मानणारा माणूस मला भेटायचा आहे.

आणि एकत्र येणं म्हणजे जिंकणं, हेही खरं नाही. १९६८ मध्ये विल्ट चेंबरलेन लॉस एंजेलिसला आला. तिथे जेरी वेस्ट आणि एल्जिन बेलर होतेच. १९६९ च्या अंतिम मालिकेतल्या सातव्या सामन्यासाठी मालकांनी विजयानंतर सोडायचे फुगे छताला टांगून ठेवले होते. बॉस्टनने तो सामना १०८-१०६ असा जिंकला. गुडघा दुखावल्याने चेंबरलेन शेवटच्या मिनिटांत बाहेर बसला होता आणि प्रशिक्षकाने त्याला परत आत घेतलं नाही. वेस्टने ४२ गुण केले. हरलेल्या संघात असूनही अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. पण मला चटका लावून जातो तो बेलर. तो आठ अंतिम मालिका हरला. गुडघे साथ देईनात म्हणून १९७१-७२ च्या हंगामाच्या सुरुवातीलाच तो थांबला, आणि त्याच्या निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सामन्यापासून त्या संघाने सलग ३३ सामने जिंकले. वसंतात जेतेपदही आलं. तीन मोठ्यांच्या संघात तिसऱ्याच्या वाट्याला काय येतं, ते तेव्हाच दिसलं होतं.

मायामीत तिसरा होता बॉश. टोरोंटोतल्या शेवटच्या हंगामात त्याची सरासरी होती २४ गुण आणि जवळपास ११ रिबाउंड. तिथे सगळा खेळ त्याच्याभोवती फिरायचा. मायामीत आल्यावर त्याला बास्केटपासून दूर, कडेला उभं राहायला सांगितलं, म्हणजे लेब्रॉन आणि वेडला आत घुसायला जागा मिळेल. तिसऱ्या हंगामात त्याचे गुण साडेसोळावर आले आणि रिबाउंड सातच्याही खाली. लोक त्याला मऊ म्हणू लागले. वेडनेही काही कमी सोडलं नाही. २००६ चं जेतेपद त्याने मायामीला स्वतः खेचून आणलं होतं. अंतिम मालिकेत त्याची सरासरी ३४.७ होती. संघ त्याचा, शहर त्याचं. २०११ ची अंतिम मालिका डॅलसविरुद्ध हरल्यावर त्यानेच लेब्रॉनला सांगितलं, की आता पुढे तू हो. त्या मालिकेत लेब्रॉन कोमेजल्यासारखा खेळला होता, चौथ्या सामन्यात तर अवघे ८ गुण.

२०१२ मध्ये ते जिंकले. पण या संघाचं खरं चरित्र वाचायचं तर १८ जून २०१३ चा सामना बघावा, सॅन अँटोनिओविरुद्धच्या अंतिम मालिकेतला सहावा. अठ्ठावीस सेकंद उरलेले, मायामी पाच गुणांनी मागे, आणि सॅन अँटोनिओच्या विजयाच्या समारंभासाठी मैदानाच्या कडेला पिवळा दोर आणलेला. लेब्रॉनचा एक तीन गुणांचा फटका बसला, पुढचा चुकला. त्या चुकलेल्या फटक्याचा रिबाउंड गर्दीतून बॉशने काढला आणि कोपऱ्याकडे मागे सरकणाऱ्या, आता मायामीकडून खेळणाऱ्या रे ॲलनला दिला. ५.२ सेकंद उरले असताना बरोबरी झाली. तो फटका जगभर दाखवला जातो आणि त्यात ॲलनचे मागे जाणारे पाय दिसतात. जादा वेळेत टोनी पार्करचा फटका बॉशने अडवला आणि शेवटच्या क्षणी डॅनी ग्रीनचाही. मायामी १०३-१०० ने जिंकली. दोन दिवसांनी सातव्या सामन्यात बॉशचे गुण शून्य, आणि जेतेपद मायामीचं. गुणांच्या तक्त्यावरून या माणसाचं मोल काढणाऱ्याला त्या दोन रात्री एकत्र समजणारच नाहीत. पुढे रक्ताच्या गुठळ्यांनी त्याची कारकीर्द एकतिसाव्या वर्षी संपवली. २०२१ मध्ये हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं, पण 'आणि तिसरा बॉश' ही ओळख पुसली गेली नाही. मोठ्यांनी एकत्र येण्याची किंमत कोणी मोजली असेल तर ती अशांनी, आणि त्यांच्याबद्दल वाद घालायला कोणी बसत नाही.

लेब्रॉनचं नाव मात्र उलट वर गेलं. २०१४ मध्ये तो क्लीव्हलँडला परतला आणि २०१६ मध्ये ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेटविरुद्ध १-३ अशा पिछाडीवरून त्याने त्या शहराला जेतेपद मिळवून दिलं. तिथेही शेजारी कायरी अर्व्हिंग आणि केव्हिन लव्ह होते. लव्ह हा पुन्हा तिसरा.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ४ जुलै २०१६ ला, केव्हिन ड्युरँटने गोल्डन स्टेटला जात असल्याचं जाहीर केलं. इथे माझ्या मोजमापाची खरी परीक्षा होते. ड्युरँटच्या ओक्लाहोमा सिटीने नुकतंच याच संघाला ३-१ असं कोंडीत पकडलं होतं. सहाव्या सामन्यात क्ले थॉम्पसनने तीन गुणांचे ११ फटके मारले आणि मालिका निसटली. ज्यांनी हरवलं त्यांच्याकडेच तो गेला, आणि त्यांना त्याची गरज नव्हती. त्याला सामावून घेणं शक्य झालं ते पैशाच्या एका विचित्र योगायोगाने: प्रक्षेपणाच्या नव्या कराराचा पैसा एकदम आल्याने संघांची पगारमर्यादा ७ कोटी डॉलरवरून ९.४ कोटींवर गेली. ती टप्प्याटप्प्याने वाढवू, असं लीग म्हणत होती. खेळाडूंच्या संघटनेने नकार दिला.

मग २०१७ च्या प्लेऑफमध्ये गोल्डन स्टेटने सतरापैकी सोळा सामने जिंकले. अंतिम मालिकेत ड्युरँटची सरासरी ३५.२. त्या संघाइतका सुंदर बास्केटबॉल मी दुसरा पाहिलेला नाही आणि हे मी अगदी मनापासून लिहितो. तरीही त्या वसंतात एकाही रात्री श्वास अडकला नाही. निकालाची शंकाच उरली नाही तर जेतेपदाला वजन कुठून येणार? ड्युरँटने तिथल्या दोन्ही जेतेपदांच्या वेळी अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला, पण मागे ठेवण्यासारखं त्याच्यापाशी त्या संघात काही नव्हतं. मागे सरकला तो स्टीफ करी. लागोपाठ दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या करीची सरासरी ३०.१ वरून २५.३ वर आली, चेंडू दुसऱ्याच्या हाती गेला, मानही गेले, आणि तो तक्रार न करता सहकाऱ्यांसाठी बचावपटूंना अडवत, धावत राहिला. तोच संघ, तीच जेतेपदं. करीची थोरवी त्यातून वाढली आणि ड्युरँटची अडली. एकत्र येणंच दोषाचं कारण असतं तर दोघांनाही सारखा दोष लागला असता. २०२२ मध्ये ड्युरँटशिवाय गोल्डन स्टेट जिंकलं तेव्हा करीला अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मानही मिळाला.

ड्युरँटच्या बाजूने एक रात्र मात्र मी नेहमी धरतो. १० जून २०१९, टोरोंटो, पाचवा सामना, संघ १-३ ने मागे. पोटरीच्या दुखापतीने महिनाभर बाहेर असलेला ड्युरँट खेळायला उतरला. बारा मिनिटांत ११ गुण, आणि मग टाचेमागचा स्नायूबंध तुटला. काही प्रेक्षकांनी आनंदाने ओरडा केला. टोरोंटोच्याच खेळाडूंनी हात करून त्यांना थांबवलं. गोल्डन स्टेटने तो सामना एका गुणाने जिंकला, मालिका गमावली आणि ड्युरँटचा पुढचा अख्खा हंगाम गेला. ज्याला आयतं खाणारा म्हणून हिणवलं, त्याने त्या रात्री जे दिलं ते २०१७ च्या जेतेपदापेक्षा मोठं होतं, असं मला वाटतं.

मोठ्या संघांच्या झोताबाहेर राहिलेल्या शहरांचं दुःखही खरं आहे. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे गोल्डन स्टेटमधला आपला हिस्सा सोडून २०१३ मध्ये सॅक्रामेंटोचे प्रमुख मालक झाले. त्या शहराने प्लेऑफविना सोळा हंगाम काढले, २०२३ पर्यंत. अशा गावातल्या चाहत्याला जुलैतल्या घोषणा ऐकताना काय वाटत असेल, हे मी नाकारत नाही. पण त्याचा राग खेळाडूच्या थोरवीवर निघावा, हे पटत नाही.

ड्युरँटच्या पुढच्या संघांबद्दल, ब्रुकलिन आणि फिनिक्सबद्दल, फार लिहावं असं काही नाही. ब्रुकलिनमध्ये ड्युरँट, अर्व्हिंग आणि जेम्स हार्डन हे तिघे साखळीत मिळून केवळ १६ सामने एकत्र खेळले. फिनिक्समध्ये ड्युरँट, डेव्हिन बुकर आणि ब्रॅडली बील २०२४ मध्ये पहिल्याच फेरीत ०-४ ने हरले, आणि पुढच्या वर्षी संघ प्लेऑफपर्यंतही पोचला नाही. लीग आणि खेळाडूंमधल्या २०२३ च्या नव्या करारनाम्याने पगाराच्या वरच्या मर्यादेपलीकडे जाणाऱ्या संघांचे हात इतके बांधले, की तीन मोठे एकत्र ठेवणं परवडेनासं झालं. २०१९ ते २०२५ या सात हंगामांत सात वेगवेगळे संघ जिंकले. शेवटचा ओक्लाहोमा सिटी.

मोठ्यांचं एकत्र येणं काही थांबलं नाही, फक्त ते पुन्हा कार्यालयांतून ठरू लागलं. फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला डॅलसने लुका डॉन्चिचला लॉस एंजेलिसकडे धाडलं, बदल्यात अँथनी डेव्हिसला घेतलं. डॉन्चिच पंचवीस वर्षांचा होता. आदल्याच वर्षी त्याने डॅलसला अंतिम मालिकेपर्यंत नेलं होतं, आणि या व्यवहाराची त्याला कल्पनाही नव्हती. लेब्रॉन तोवर लॉस एंजेलिसच्या संघात होता; डॉन्चिच आता त्याच्या शेजारी खेळू लागला. एप्रिलमध्ये डॅलसला आला तेव्हा प्रेक्षकांनी उभं राहून त्याचं स्वागत केलं; त्याने ४५ गुण करून त्यांच्याच संघाला हरवलं आणि त्यांनी त्यालाही टाळ्या दिल्या. शिव्याशाप व्यवस्थापक निको हॅरिसन यांच्या वाट्याला आले. नोव्हेंबरमध्ये त्यांना काढलं गेलं. लेब्रॉनच्या संघात गेल्याने डॉन्चिचचं नाव लहान होईल का, हा प्रश्न त्या सगळ्या गदारोळात मला कुठेही ऐकू आला नाही.